वीतभर अंतर : बोरिवलीहून लंडनला, रुळांवरून

वर्सोव्याहून मेट्रोने घाटकोपरला येऊन तिथे कल्याणची लोकल पकडणारा प्रवासी जिना उतरताना रेल्वेच्या एका जगातून दुसऱ्या जगात उतरत असतो. वर मेट्रोच्या दोन रुळांमधले अंतर १४३५ मिलिमीटर आहे, खाली लोकलच्या रुळांमधले १६७६. फरक २४१ मिलिमीटरचा, म्हणजे साडेनऊ इंचांचा. एक वीतच म्हणा ना. वरचे माप इस्तंबूलचे, व्हिएन्नाचे, पॅरिसचे आणि लंडनचे. खालचे माप लाहोरचे आणि क्वेट्ट्याचे. घाटकोपरला हजारो लोक ही वीत रोज ओलांडतात आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो. याच दोन मापांची पश्चिमेकडची गाठ पडते ती थेट इराणच्या आग्नेय कोपऱ्यात, झाहेदान नावाच्या वाळवंटी शहरात. बोरिवलीहून लंडनला केवळ रेल्वेने जायचे ठरवले, तर प्रवासाची आखणी या झाहेदानभोवती फिरते.

हा प्रवास आज होऊ शकत नाही, हे आधीच सांगून टाकतो. तरीही त्याची आखणी करण्यात मी बरीच वर्षे घालवली आहेत. वेळापत्रके जमवण्याचे वेड असलेल्या माणसाला गाडी धावत नसली तरी फारसे अडत नाही. ही आखणी करताना एक गोष्ट हळूहळू ध्यानात आली आणि ती मला महत्त्वाची वाटते. देशोदेशीचे रेल्वेप्रवास अडतात ते रुळांची मापे जुळत नाहीत म्हणून, असा आपला सर्वसाधारण समज असतो. आपल्या बाजूला चित्र बरोबर उलटे आहे. मापे जिथे जुळत नाहीत तिथून माणसे पलीकडे गेली. मापे तंतोतंत जुळतात तिथे गाडी उभी आहे.

आधी मापाविषयी थोडे. इंग्लंडात चार फूट साडेआठ इंचांचे माप रूढ होते आणि हिंदुस्थानातल्या पहिल्या रेल्वे कंपन्यांपुढेही तेच होते. लॉर्ड डलहौसीचे मत सहा फुटांकडे झुकले होते. अखेर साडेपाच फूट ठरले आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही गाडी त्या मापावर धावली. पुढे १८७० नंतर खर्च वाचवण्यासाठी मीटरगेज आले आणि देशाच्या पोटातच दोन देश तयार झाले. मापे बदलतात तिथे तीन उपाय असतात. प्रवाशांनी सामान उचलून दुसऱ्या गाडीत बसायचे, हा पहिला. डबा यारीने उचलून त्याखालच्या बोग्या बदलायच्या, हा दुसरा. (आपण ‘बोगी’ म्हणतो ती डब्याला. खरी बोगी म्हणजे डब्याखालची चाकांची चौकट.) चीन आणि मंगोलियाच्या सीमेवर एर्लियन इथे बीजिंग-मॉस्को गाडीचे डबे असेच उचलले जात. तिसरा उपाय स्पेनने यशस्वी केला : चाकांमधले अंतर चालता चालता बदलणारा आस. तिन्ही उपाय दीडशे वर्षांत चांगले मुरलेले आहेत. अभियंत्याच्या दृष्टीने ही वीत म्हणजे काही तासांचा खोळंबा आहे, त्यापलीकडे काही नाही.

आता बोरिवलीच्या फलाटावर येऊ. मुंबई सेंट्रलहून अमृतसरला जाणारी गोल्डन टेंपल मेल इथे थांबते. १९९६पर्यंत हिचे नाव फ्रंटियर मेल होते आणि १ सप्टेंबर १९२८ रोजी ती सुरू झाली तेव्हा पेशावरपर्यंत जात असे. तिचा जन्मच देशोदेशीच्या वेळापत्रकातून झालेला होता. लंडनचे टपाल आणि प्रवासी आगगाडीने मार्सेलला येत, तिथून पी. अँड ओ.च्या बोटीने बॅलार्ड पियरला उतरत आणि धक्क्यालगतच्या गाडीत बसून थेट वायव्य सरहद्दीकडे निघत. त्याआधीच्या काळात हेच टपाल इटलीच्या टोकाला ब्रिंडिसीपर्यंत आगगाडीने येई. दोन खंडांतल्या गाड्या आणि मधली बोट हे सारे एका वेळापत्रकात ओवणारा दोरा टपालाचा होता. माणसांसाठी कोणी एवढी धडपड केली असती असे मला वाटत नाही.

फाळणीनंतर ही गाडी अमृतसरला थांबली, ती कायमची. अमृतसर ते लाहोर हे अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे चर्चगेट ते विरारपेक्षा कमी. रूळ अटारीहून वाघ्याकडे सरळ जातात आणि दोन्हीकडचे माप तेच साडेपाच फूट. २२ जुलै १९७६ रोजी समझौता एक्सप्रेस सुरू झाली. ती आधी अमृतसर-लाहोर अशी आणि नंतर अटारीपासून धावे. फेब्रुवारी २००७मध्ये पानिपतजवळ तिच्यात स्फोट होऊन माणसे मेली, तरी ती थांबली नाही. ऑगस्ट २०१९मध्ये थांबली. एप्रिल २०२५मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर अटारीची तपासणी चौकीही बंद झाली. अटारीला अभियंत्याने करण्यासारखे काहीच उरलेले नाही.

मुंबईकराला खरे तर याहून जवळचा रस्ता सिंधमधून होता. कराची १९३६पर्यंत मुंबई इलाख्यातच होती. तिथली नारायण जगन्नाथ वैद्य यांच्या नावाची शाळा आजही उभी आहे आणि कराचीत मराठी वस्ती चांगली नांदत होती. पण एकाच इलाख्यातल्या या दोन बंदरांना जोडणारी सलग रेल्वे कधी झालीच नाही. चर्चा झाल्या, पाहण्या झाल्या, रूळ पडले नाहीत. गाडीने जायचे तर अहमदाबादला ब्रॉडगेज सोडायचे, मीटरगेजने मारवाड, जोधपूर, बाडमेर, मुनाबाव करत हैदराबाद सिंध गाठायचे आणि तिथे पुन्हा ब्रॉडगेज धरायचे. बहुतेक शहाणी माणसे सरळ बोटीने जात. पण दोनदा गाडी बदलावी लागणारा हा कंटाळवाणा रस्ता चालू होता. फाळणीनंतरही तो काही काळ चालला आणि १९६५च्या युद्धात बंद झाला. पुढे दोन्ही देशांनी आपापल्या बाजूचे मीटरगेज उखडून ब्रॉडगेज टाकले. १८ फेब्रुवारी २००६ रोजी थार एक्सप्रेस सुरू झाली. बोरिवलीला थांबणाऱ्या सूर्यनगरी एक्सप्रेसने जोधपूर गाठले की कराचीपर्यंत माप कुठेच बदलत नव्हते. इंग्रजांना न जमलेले काम झाले होते. तीही गाडी ऑगस्ट २०१९मध्ये थांबली.

मुलुंड कॉलनी आणि पलीकडचे उल्हासनगर या सिंधमधून आलेल्या निर्वासितांच्या वसाहती. त्यांच्यासाठी ही गाडी हौसेच्या सहलीची नव्हती. अशा दोन्हीकडच्या गाड्यांतून जाणारे बहुतेक लोक लग्नाला, मयताला किंवा आजाऱ्याला भेटायला निघालेले असत. देशोदेशीच्या रेल्वेप्रवासाची पुस्तके पर्यटकांसाठी लिहिलेली असतात. त्यांत या प्रवाशांचा उल्लेख सापडत नाही, याची मला नेहमी चुटपुट लागते.

लाहोरच्या पुढे रोहरी, मग बोलन खिंडीतून क्वेट्टा. क्वेट्ट्याहून निघणारा झाहेदानचा फाटा हा माझ्या मते आशियातला सर्वांत विलक्षण रेल्वेमार्ग आहे. १९०५ साली तो नुश्कीपर्यंत पोचला होता आणि तिथेच थांबला असता. पण पहिल्या महायुद्धात पूर्व इराणवर नजर ठेवण्यासाठी इंग्रजांना तो पुढे न्यावासा वाटला आणि सुमारे सातशे किलोमीटरचा हा मार्ग १९२२मध्ये इराणच्या हद्दीत दुझदाब या ठिकाणी जाऊन टेकला. लष्करी गरज तोवर संपलेली होती. वाटेत पाणी नाही, वस्ती नाही आणि वाऱ्याबरोबर सरकणाऱ्या वाळूच्या टेकड्या रुळांवर येऊन बसतात. १९३१च्या सुमारास टोकाचे रूळ काढून नेले. दुसऱ्या महायुद्धात इराणमार्गे रशियाला रसद पोचवायची म्हणून ते पुन्हा टाकले. रेल्वेचा मार्ग इतक्या सहज घालता-काढता येतो, हे त्या फाट्याकडे पाहून कळते.

दुझदाब या नावाचा अर्थ चोर-पाणी असा काहीसा होतो. हिंदुस्थानातून रेल्वेबरोबर तिथे व्यापारी गेले, मालमोटारी चालवणारे गेले, त्यांत शीख बरेच. त्यांचा गुरुद्वारा तिथे आहे. रझा शहाने गावात आल्यावर पांढऱ्या दाढीचे शीख पाहिले, त्यांना साधू समजून ‘जाहिद’ म्हटले आणि त्यावरून गावाचे नाव झाहेदान झाले, अशी आख्यायिका सांगतात. नाव बदलले हे खरे, दाढीचे मी पैजेवर सांगणार नाही. एवढे मात्र नक्की की सीमेवरच्या मीरजावेहपासून झाहेदानपर्यंत इराणच्या भूमीवर जवळपास नव्वद किलोमीटर रूळ साडेपाच फुटी मापाचे, म्हणजे बोरिवलीच्या मापाचे आहेत.

इराणचे स्वतःचे रूळ मात्र युरोपच्या मापाचे, आणि ते कित्येक दशके झाहेदानपासून शेकडो किलोमीटर दूर संपत. मध्ये बस. २००९ साली केर्मान आणि बमकडून येणारा मार्ग झाहेदानला पोचला आणि घाटकोपरच्या जिन्यावरची ती वीत तिथे प्रत्यक्षात आली. एका बाजूला १६७६, दुसऱ्या बाजूला १४३५, मध्ये माल उतरवून चढवण्याचा फलाट. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इस्लामाबादहून तेहरानमार्गे इस्तंबूलला एक मालगाडी सोडण्यात आली. सुमारे साडेसहा हजार किलोमीटरच्या त्या प्रवासात झाहेदानला माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत गेला. कोणाचे काही अडले नाही.

झाहेदानच्या पुढे रुळांचे माप लंडनपर्यंत तेच राहते, फक्त दोन ठिकाणी पाणी आडवे येते. पहिले तुर्कस्तानच्या पूर्वेला व्हान सरोवर. त्याच्या काठाने डोंगर फोडून रूळ नेणे परवडेना, म्हणून १९७१पासून व्हान ते तातवान अशी रेल्वेची फेरीबोट चालते. तेहरानहून आलेले प्रवासी गाडीतून उतरून बोटीत बसत आणि पलीकडे उभ्या असलेल्या तुर्की गाडीत चढत. त्यांच्या सामानाचा डबा मात्र बोटीवरून तसाच पार होई. दुसरे पाणी बॉस्फोरसचे. आशियाच्या काठावर हैदरपाशा स्थानक, युरोपच्या काठावर सिर्केजी, मध्ये पाऊण तासाहून कमी वेळाची बोट. ओरिएंट एक्सप्रेसच्या कथा वाचलेल्यांना सिर्केजी ठाऊक असते. आपल्या बाजूचे स्थानक हैदरपाशा, त्याला कथाकार कमी मिळाले. शेवटचे पाणी इंग्लिश खाडीचे, तिच्याखालून १९९४मध्ये बोगदा झाला.

म्हणजे २००९ साल घ्या. बोरिवलीहून अमृतसर आणि अटारी. समझौता चालू. लाहोरहून क्वेट्टा, क्वेट्ट्याहून झाहेदानचे रूळ जागेवर. झाहेदानहून तेहरानपर्यंत नवे रूळ. तेहरानहून इस्तंबूलला आठवड्यातून एकदा गाडी. पुढे युरोप आणि बोगदा. नकाशावर बोट न उचलता बोरिवलीहून लंडनला जाता येते असे ते पहिले वर्ष, आणि बोट उचलायचे ते फक्त दोन फेरीबोटींपुरते. २०१२च्या सुरुवातीला वेगवान रेल्वेच्या कामासाठी हैदरपाशाचा मार्ग बंद झाला. पुढच्या वर्षी २९ ऑक्टोबरला बॉस्फोरसच्या तळाखालून मार्मरे बोगदा सुरू झाला आणि ते पाणीही मिटले. मग आमच्या बाजूने अटारीचे दार लागले. बलुचिस्तानचे काय सांगावे? ११ मार्च २०२५ रोजी क्वेट्ट्याहून निघालेली जाफर एक्सप्रेस बंदूकधाऱ्यांनी बोलनच्या परिसरात अडवून प्रवाशांना ओलीस धरले. एका टोकाला बोगदे खोदले जात होते आणि दुसऱ्या टोकाला, जिथे खोदायचे काहीच नव्हते, तिथे रस्ता बंद होत गेला.

अशा प्रवासाची आखणी कशी करतात, हे ज्यांना खरोखर निघायचे आहे त्यांच्यासाठी सांगतो. नवखा माणूस घरापासून सुरुवात करतो : आधी बोरिवलीची गाडी, मग पुढची, मग त्यापुढची. याने हमखास घोटाळा होतो. संपूर्ण मार्गावरची सर्वांत दुर्मीळ गाडी आधी शोधायची. आठवड्यातून एकदा सुटणारी असेल तर तो आपला मुहूर्त. बाकीचे दिवस त्याच्यापासून मागे मोजत घराकडे यायचे आणि पुढे मोजत मुक्कामाकडे जायचे. मुहूर्ताच्या गाडीआधी किमान एक रात्र त्या गावात मोकळी ठेवायची. रोज धावणाऱ्या गाड्यांची चिंता सर्वांत शेवटी. इराणमार्गे जाणाऱ्याने नवरोजचे, म्हणजे २१ मार्चच्या आगेमागेचे दिवस टाळायचे. तेव्हा सगळा देश गावी निघालेला असतो. आपल्या गणपतीतल्या कोकण रेल्वेचा अनुभव असणाऱ्याला याहून जास्त समजावण्याची गरज नाही.

तिकिटाचे जग पूर्ण बदलले आहे. थॉमस कुकने १८७२-७३मध्ये २२२ दिवसांची जगप्रदक्षिणा विकली आणि १८८१मध्ये मुंबईत कचेरी उघडली. तेव्हापासून कित्येक दशके एकाच ठिकाणी पैसे भरून अनेक देशांच्या कुपनांची वही हाती घेता येई. १८७३पासून निघणारे त्यांचे युरोपचे वेळापत्रक २०१३मध्ये बंद झाले. जुन्या संपादकांनी ते दुसऱ्या नावाने पुन्हा काढले, ही अलीकडच्या काळातली एक आनंदाची बातमी. आज प्रत्येक देशाचे तिकीट वेगळे आणि विक्री सुरू होण्याची मुदतही वेगळी. आपल्याकडे नोव्हेंबर २०२४पासून आरक्षण साठ दिवस आधी उघडते. युरोपात बऱ्याच गाड्यांचे त्याहून कितीतरी आधी. त्यामुळे लांबच्या टोकाचे तिकीट आधी हाती येते आणि बोरिवलीचे सर्वांत शेवटी.

घड्याळाचेही भान हवे. भारत ते पाकिस्तान अर्धा तास मागे, इराण आपल्याहून दोन तास मागे, तुर्कस्तान अडीच तास. मुंबईकराला हे नवे नाही. एके काळी रेल्वे मद्रासच्या वेळेवर धावे आणि शहर मुंबईच्या वेळेवर जगे, त्यामुळे गाडी घड्याळापेक्षा अर्धा तास आधीच निघून गेलेली असे. १९०६मध्ये देशाची एक वेळ ठरल्यानंतरही मुंबईतल्या काहींनी आपली ३९ मिनिटे मागची वेळ १९५५पर्यंत सोडली नाही.

व्हिसाच्या बाबतीत मात्र रेल्वेचा प्रवासी हा परका प्राणी असतो. नियम विमानतळ डोळ्यांसमोर ठेवून केलेले असतात. इराणने फेब्रुवारी २०२४मध्ये भारतीयांना पंधरा दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला होता, तो विमानाने येणाऱ्यांनाच, आणि ती सवलतही २०२५मध्ये थांबली. पाकिस्तानचा व्हिसा शहरांची नावे लिहून मिळे आणि पोचल्यावर पोलिसांत नोंद करावी लागे. वाटेत खिडकीतून दिसणाऱ्या गावांचा त्यात हिशेब नसतो. म्हणून अर्ज करताना सीमेवरच्या स्थानकाचे नाव, गाडीचे नाव आणि तारीख कागदावर असलेली बरी.

आज प्रत्यक्ष निघायचे असेल, तर मुंबई-इस्तंबूल विमानाने जाऊन पुढचा भाग रुळांवरून करता येतो. शहराच्या पश्चिमेला हल्काली स्थानकाहून सोफियाची रात्रीची गाडी सुटते. ऐन झोपेत कापिकुलेला सगळ्यांना उतरवून पारपत्रे तपासतात, तेव्हा उबदार कपडे हाताशी हवेत. १ जानेवारी २०२५पासून बल्गेरिया आणि रुमानिया जमिनीवरूनही शेंगेन क्षेत्रात आले, त्यामुळे सोफिया, बुखारेस्ट, बुडापेस्ट, व्हिएन्ना, पॅरिस एवढे सगळे एका व्हिसात बसते. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि त्याची तपासणी पॅरिसच्या गार द्यू नोर स्थानकातच होते. गाडीत बसण्याआधीच तुम्ही कागदोपत्री इंग्लंडात असता.

पूर्वेचे दार उघडेल ही आशा काही वर्षे होती. कोलकाता-ढाका मैत्री एक्सप्रेस १४ एप्रिल २००८ला सुरू झाली, जुलै २०२४मध्ये थांबली. मणिपूरमध्ये जिरीबाम-इंफाळ मार्गाचे काम डोंगरांतून चालू आहे, पण ब्रह्मदेशाच्या सीमेपर्यंत रूळ नाहीत. ब्रह्मदेश आणि थायलंड जोडणारा मार्ग एकदाच झाला होता, १९४३मध्ये, जपानी सैन्याने युद्धकैद्यांच्या आणि आशियाई मजुरांच्या हाडांवर उभारलेला. युद्धानंतर त्याचा बहुतांश भाग उखडला गेला. त्याच्या पलीकडे मात्र चित्र बदलते. डिसेंबर २०२१मध्ये लाओसची राजधानी व्हिएनत्यान चीनच्या सीमेशी जोडली गेली आणि एप्रिल २०२३पासून कुनमिंगपर्यंत प्रवासी गाडी जाते. बँकॉकचे रूळ मीटरगेज, व्हिएनत्यानपुढचे युरोपच्या मापाचे. स्थानक बदलायचे, पुढच्या गाडीत बसायचे. तिथे त्याची कोणी चर्चा करीत नाही.

विमान न घेता, उपनगरातून निघून, रुळांवरूनच दुसऱ्या देशात उतरायचे असेल, तर आज एक मार्ग उरतो. लोकमान्य टिळक टर्मिनसहून पवन एक्सप्रेस सुटते आणि घाटकोपर, मुलुंड न थांबता ओलांडून कल्याण, भुसावळ, प्रयागराज, वाराणसी, दरभंगा करत दीड दिवसाहून अधिक वेळाने बिहारमधल्या जयनगरला पोचते. तिथून नेपाळची गाडी जनकपूरला जाते. १९३७पासून या मार्गावर अडीच फुटी रुळांची चिमुकली गाडी होती, ती २०१४मध्ये बंद झाली. रूळ साडेपाच फुटी करून २ एप्रिल २०२२ रोजी गाडी पुन्हा सुरू झाली. तिचे डिझेल संच नेपाळला पोचवले ते आपल्या कोकण रेल्वेने. भारतीयांना व्हिसा लागत नाही, छायाचित्र असलेले ओळखपत्र मात्र लागते. ते सामानात न ठेवता खिशात ठेवावे. कुर्थापर्यंतचे पस्तीस किलोमीटर पुढच्या वर्षी भंगाहापर्यंत वाढले आणि बर्दिबासपर्यंतचा टप्पा बाकी आहे.